सालीचं सोंग

ॲमेझॉनकाठच्या तिकुना लोकांच्या सोंगाचं टोपडं समोर आलं की चेहऱ्याकडे नंतर पाहावं, आधी शिवण शोधावी. बाजूला ती सापडत नाही, पाठीलाही नाही. असलीच तर ती माथ्यावर असते, जिथे कापडाचं तोंड गोळा करून बांधलेलं असतं. कारण हे कापड कुणी विणलेलं नाही. ते झाडाच्या खोडावरून, हातावरून बाही उतरवावी तसं, अख्खं उतरवलेलं आहे. खोडाचा गोलावा त्यात तसाच राहिलेला आहे, आणि त्या गोलाव्यात आता माणसाचं डोकं जायचं आहे. कारागिराची पहिली हुशारी इथे दिसते. झाडाने जो आकार तयार करून दिला तो त्याने मोडला नाही.

या झाडांपैकी बरीचशी अंजिराच्या कुळातली, म्हणजे आपल्या वड-उंबराचे भाऊबंद. ब्राझीलमध्ये या सालीच्या कापडाला तुरुरी म्हणतात, पेरू आणि कोलंबियात यांचामा. सरळ वाढलेलं, फांद्यांच्या गाठी नसलेलं खोड निवडायचं. हव्या त्या लांबीचा ओंडका तोडायचा, वरची खरबरीत साल खरवडून टाकायची आणि आतल्या सालीवर लाकडी मोगरीने ठोकत राहायचं. ठोकता ठोकता साल लाकडापासून सुटत जाते, तिच्यातले तंतू एकमेकांपासून फाकतात पण तुटत नाहीत, आणि ओंडक्याच्या घेराहून कापडाचा घेर बराच मोठा होतो. मग ती ओढून काढायची, पाण्यात धुऊन चीक काढायचा, पिळायची आणि उन्हात वाळवायची. झाड जाड असेल तर साल उभी चिरून पसरून घेतात. बारीक असेल तर नळीच मिळते. सोंगासाठी नळी बरी.

ही युक्ती फक्त दक्षिण अमेरिकेची नाही. सह्याद्रीत चांदकुड्याचं झाड आहे, तेही याच कुळातलं. त्याच्या ओंडक्याची साल अशीच ठोकून, उलटी करून उतरवत आणि तिची धान्याची पोती करत. तळाला लाकडाची चकती तशीच ठेवली की बूडही तयार. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडाला पोत्याचं झाड असंच नाव दिलं होतं. तेच हात, तीच मोगरी. फरक एवढाच की आपल्याकडे त्या नळीत भात भरला गेला आणि ॲमेझॉनच्या काठी तिच्यात वादळ, माकड आणि राक्षस भरले गेले. एरवी वल्कल म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर वनवासाला निघालेली राजाची मुलं येतात. सगळं सोडून दिलं की माणूस साल नेसतो, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. तिकुनांकडे साल अंगावर चढते ती गावजेवणाच्या, दारूच्या, नाचाच्या दिवशी. ती त्यागाची खूण नसून उत्सवाचा पोशाख आहे, तोही उर्मट, दंगेखोर पोशाख.

तिकुना राहतात ते ॲमेझॉनच्या वरच्या अंगाला, जिथे ब्राझील, कोलंबिया आणि पेरू यांच्या सीमा एकमेकींना भिडतात. ब्राझीलच्या 2022 च्या जनगणनेत त्यांची संख्या 74 हजारांच्या पुढे भरली. त्या देशातला हा सर्वांत मोठा आदिवासी समाज. ते स्वतःला मागुता म्हणवतात, म्हणजे गळ टाकून पाण्यातून वर काढलेले. योई नावाच्या आदिपुरुषाने एवारे नावाच्या ओढ्यातून त्यांना मासळीसारखं गळाने काढलं, अशी त्यांची उत्पत्तिकथा आहे. अशा पाण्यातून आलेल्या लोकांचा सर्वांत मोठा सण देवाचा नाही, राजाचा नाही, पिकाचाही नाही. मुलगी वयात येते तेव्हाचा तो सण आहे.

तिला पहिली पाळी आली की तिला घरातच एका आडोशाआड ठेवतात. काही आठवडे, कधी काही महिने. तोवर यजमान मासे आणि मांस धुरावर वाळवून साठवतो, कसावाच्या कंदापासून दारू आंबवून ठेवतो. मग निमंत्रणं जातात, माणसं जमतात, कासवाच्या पाठीचा ढोल वाजू लागतो आणि तीन दिवस-रात्री सण चालतो. मुलीचं अंग जेनिपापो फळाच्या रसाने काळंनिळं रंगवतात, डोक्यावर लाल मकाव पोपटाच्या पिसांचा मुकुट ठेवतात. तो मुकुट कपाळावरून खाली इतका येतो की तिचे डोळे झाकले जातात. पूर्वी तिचे केस एकेक करून उपटत; आता बऱ्याच ठिकाणी कापतात. शेवटी नदीत आंघोळ, आणि मग ती बाई म्हणून गावात वावरायला मोकळी.

सोंगं येतात ती या सणात, आणि ती बोलावलेल्या पाहुण्यांची असतात. पाहुणे रानात आडोशाला जाऊन आपापला पोशाख चढवतात आणि झाडीतून एकदम बाहेर पडतात. त्या क्षणी प्रेक्षकाला काय दिसावं, याचाच विचार सोंग करणाऱ्याने केलेला असतो. संग्रहालयातल्या वस्तूचं रसग्रहण करायचं तर तो क्षण मनात धरूनच करायला हवं, नाहीतर काचेपलीकडे उरते ती एक मळकट खोळ.

आधी कान पाहा. मोठं सोंग असलं की डोक्याच्या दोन्ही बाजूंना ताटाएवढे गोल कान. लवचीक काठीचं कडं करायचं, त्यावर सालीचं कापड ताणून बसवायचं आणि ती चकती टोपड्याला टाचायची. इंग्रज निसर्गसंशोधक हेन्री वॉल्टर बेट्स याने 1863 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात हे कान नेमके टिपले आहेत. कापडाचे तंतू इतके नियमित गुंतलेले असतात की ते माणसाने विणलं असावं असं वाटतं, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. मात्र कानांबद्दल तो थांबला ते कसे केले हे सांगून. ते तसे का केले, हे पाहायला हवं. झाडीतून धावत येणाऱ्या माणसाच्या देहाला बाजूने काहीच रुंदी नसते. टोपडं आणि अंगरखा मिळून एक उभा खांब तयार होतो. त्या खांबाला दोन चकत्या लावल्या की त्याची छाया एकदम बदलते. आता समोरून येणारा आकार माणसाचा राहत नाही, आणि कुठल्या ओळखीच्या जनावराचाही होत नाही. शिवाय धावताना चकत्या थरथरतात. कान ऐकण्यासाठी असतात हे विसरून हा कारागीर कानांनी घाबरवतो, आणि माझ्या मते साऱ्या पोशाखातली सर्वांत धीट कल्पना हीच.

डोळे मात्र बारीक. कापडाला पाडलेली दोन छोटी भोकं, भोवती रंगाची रेघ. काही सोंगांत टोपड्याच्या वर आणखी एक डोकं बसवतात, माकडाचं, पक्ष्याचं, हिंस्र प्राण्याचं. वेताच्या किंवा काड्यांच्या सांगाड्यावर साल ताणून ते तयार करतात, कधी हलक्या लाकडातून कोरतात, कधी काळ्या राळेने नाकडोळे उठवतात. अशा वेळी सोंगाचे डोळे वर असतात आणि माणसाचे खाली, कापडात कुठेतरी लपलेले. समोरच्याने वर पाहायचं आणि आतल्याने खालून पाहायचं. दोघांची नजर कधी एकमेकांना भिडतच नाही. समोरचा माणूस आपल्याकडे कुठून पाहतो आहे हे कळत नसलं, तर त्याच्याशी बोलता येत नाही, त्याला शरमवता येत नाही, त्याच्यावर रागावताही येत नाही. भीती अशी साध्या हिशेबाने तयार केलेली आहे. दात, सुळे, शिंगं यांची इथे रेलचेल नाही. काही सोंगांना ती असतात, पण चांगल्या सोंगांना त्यांची गरज पडत नाही.

मग रंग. काळा जेनिपापोचा. हे कॉफीच्या कुळातलं झाड. कच्च्या फळाचा रस लावताना जवळजवळ रंगहीन असतो आणि हवेत राहिला की हळूहळू काळानिळा होत जातो. म्हणजे रेघ ओढणाऱ्याला आपली रेघ लगेच दिसत नाही. चूक झालीच तर ती दिसू लागेपर्यंत पक्की होऊन बसते. त्यामुळे या रेघांत चाचपडणं कमी आणि सवयीचा झपाटा जास्त. चौकटी, दातेरी पट्टे, ठिपके, एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या रेषा. तोच रस मुलीच्या अंगावर, तोच सोंगाच्या अंगावर. आडोशाआतली आणि आडोशाबाहेरची अशी दोन्ही पात्रं एकाच फळाने रंगतात. लाल रंग येतो शेंद्रीच्या बियांचा. हे झाड मूळचं तिकडचंच. आपल्याकडे कुणी शेंद्री म्हणतं, कुणी लटकन, आणि लोणी-चीजला रंग देणारी तीच ती. पिवळ्यासाठी आज हळदही वापरतात. हळद तिकडे गेली ती आशियातून, म्हणजे दोन खंडांमध्ये रंगांची ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली, आणि त्याची पावती कुणी ठेवली नाही.

पण जुन्या संग्रहातल्या सोंगांचे रंग पाहून मत देताना जपून असावं. हळदीचा पिवळा उजेडात फार टिकत नाही. शेंद्रीचा लालही विटतो. चिवट राहतो तो काळा. शंभर-दीडशे वर्षं काचेआड काढलेल्या सोंगावर आज जो संयमी, तपकिरी-काळा मेळ दिसतो आणि ज्याचं कलासमीक्षक तोंड भरून कौतुक करतात, तो कारागिराचा बेत नसण्याचीच शक्यता जास्त. बेट्सने नोंदवले ते पिवळे, लाल आणि काळे पट्टे, आणि तेही भडक, अतिशयोक्त. आपण पाहतो तो चित्राचा सांगाडा. ग्रीक पुतळे पांढरेशुभ्रच असणार असं युरोपाने काही शतकं मानलं, त्याच जातीची ही चूक आहे. सोंग मुळात सभ्य नव्हतं. ते दिवसा शेंदरासारखं पेटत असणार आणि रात्री आगटीच्या उजेडात त्याचा पिवळा पुढे येऊन लाल मागे सरत असणार.

खालच्या झालरीकडे सहसा कुणी पाहत नाही. टोपड्याच्या किंवा अंगरख्याच्या काठाला सालीच्याच चिरफाळ्या, लांब, मोकळ्या. लहान मुलाच्या कुंचीसारखं हे टोपडं डोक्यावरून पाठीवर उतरतं, पण कुंची जिथे बाळाला घट्ट धरते तिथे हे सैल सुटतं. झालरीचं काम पाय लपवण्याचं. पाय दिसले की माणूस दिसला. चाल लपली की सोंग जगलं. आणि या झालरीचा आवाज असतो. वाळलेली साल एकमेकींवर घासते. काचेच्या पेटीत हा आवाज अर्थातच नाही, आणि कुठल्याही माहितीपत्रकात मी तो लिहिलेला पाहिलेला नाही.

पाठ रिकामी असते. काही सोंगांच्या पाठीवरही रंगकाम आहे, पण खूपशांच्या पाठीवर सालीचा मूळ वाण तसाच सोडलेला, फिकट, तांबूस, कुठे गाठीचा व्रण. ही टंगळमंगळ नव्हे. सोंग समोरून येतं, हल्ला करतं, गर्दीत मिसळतं; त्याची पाठ फक्त निघून जाताना दिसते आणि तोवर त्याचं काम झालेलं असतं. कुठे हात चालवायचा आणि कुठे साल तशीच ठेवायची, यात या कारागिराचा जो हिशेब आहे तोच मला त्याच्या रेघांपेक्षा मोठा वाटतो. भरगच्च नक्षीने जीव दडपणाऱ्या वस्तू जगात पुष्कळ आहेत. इथे झाडाने अर्धं काम केलं आहे हे मान्य करून उरलेलं अर्धं केलेलं आहे.

आता ही सोंगं गावात शिरून करतात काय? मुलीला ज्या आडोशाआड ठेवलेलं आहे त्यावर ती काठ्या बडवत धावून जातात. बायका-पुरुष त्यांना अडवतात, ढकलतात, हसतात, ओरडतात. काही सोंगं बटबटीत लिंग मिरवत बायकांच्या मागे लागतात आणि बायका त्यांची यथेच्छ खिल्ली उडवतात. वाऱ्याची आई असते, माकडं असतात, रानातले नाना राक्षस असतात. पेय फिरत राहतं. भरतमुनीने नाट्यशास्त्रात सांगितलेल्या रसांच्या यादीत भयानक, बीभत्स आणि हास्य हे वेगवेगळ्या खणांत ठेवलेले आहेत, आणि आपल्या नाट्यसमीक्षेने ते खण बरेच घट्ट बंद करून ठेवले. तिकुना सोंग तिन्ही रस एकाच झपाट्यात अंगावर फेकतं. मूल किंचाळतं तेव्हा शेजारी त्याची आजी पोट धरून हसत असते. मग हे सोंग भयानक की हास्यकारक? ज्याच्यापुढे उभं आहे त्याच्यावर ते अवलंबून. रसाचं ठिकाण प्रेक्षकात असतं हा नाट्यशास्त्राच्या भाष्यकाराचा, अभिनवगुप्ताचा, मुद्दा पटवायला याहून ठोस पुरावा शोधायची गरज नाही.

ज्या मुलीसाठी हे सगळं चाललेलं असतं तिला मात्र ही सोंगं त्या वेळी दिसत नाहीत. ती आडोशाआड असते. तिच्यापर्यंत काठ्यांचे तडाखे, आरडाओरडा आणि ढोल पोहोचतो. सोंग डोळ्यांसाठी किती बारकाईने घडवलेलं आहे हे आपण पाहत होतो, आणि त्याचा मुख्य श्रोता असा आंधळा. मला ही या कलेतली सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. दिसणारी भीती गावासाठी आहे. मुलीसाठी ऐकू येणारी भीती आहे, आणि ती भिंतीपलीकडेच थोपवून धरणारी माणसंही तिला ऐकू येतात. आपल्यासाठी कुणीतरी झगडतं आहे हे तिने कानांनी शिकायचं.

सोंगांच्या मुळाशी कथाही आहे. पूर्वी अशाच एका सणात रानातले राक्षस खरोखरच आले आणि त्यांनी माणसं खाल्ली. वाचलेल्यांनी त्यांचा माग काढला, ते राहत होते त्या गुहेच्या तोंडाशी मिरच्या जाळल्या आणि धुराने त्यांना गुदमरवून मारलं. मग मेलेल्या राक्षसांची अंगं नीट निरखून पाहिली आणि तशीच टोपडी-अंगरखे सालीतून तयार केले. कथा मला आवडते ती मिरच्यांसाठी, आणि त्याहून त्या निरखण्यासाठी. शत्रू मेल्यावर त्याला पुरण्याआधी कुणीतरी त्याचे कान मोजत बसलं होतं.

सण संपताना सोंगं शांत होतात. त्यांना पेय पाजतात, धुरावर वाळवलेलं मांस देतात, आणि पाहुणे आपले पोशाख उतरवून यजमानाच्या हवाली करतात. मांसाच्या बदल्यात राक्षस. इथे सोंगाचं आयुष्य संपतं. पुढच्या सणाला पुन्हा नवी साल, नवे रंग. उतरवलेलं सोंग जपून ठेवायची वस्तू नव्हतीच, आणि म्हणूनच ते परक्याला देता येत होतं, विकता येत होतं. युरोपातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत तिकुना सोंगं एवढ्या संख्येने का पोहोचली याचं एक कारण हे. संग्राहकाला जो अमोल ठेवा वाटला तो तिकुनांच्या दृष्टीने उतरवलेला कपडा होता.

याच्या उलट रीत आणखी उत्तरेला, व्हाउपेस नदीच्या खोऱ्यात, क्युबेओ लोकांची. त्यांची सालीची टोपडी मयताच्या विधीसाठी. फुलपाखरू, शेणकिडा, वाघासारखा जग्वार असे जीव त्या दिवशी मेलेल्याचा शोक करायला येतात आणि नाच संपला की टोपडी जाळून टाकतात. जर्मन संशोधक थिओडोर कोख-ग्र्युनबेर्ग 1903 ते 1905 या काळात तिथे फिरत होता. जाळण्यासाठीच केलेल्या या टोपड्यांपैकी काही त्याने मिळवली आणि बर्लिनला पाठवली. शेणकिड्याचं सोंग घेऊन शोक करणारी माणसं हा विषय वेगळा आणि मोठा आहे. इथे एवढंच म्हणतो की तिकुना सोंग पेटीत पाहताना मला कुतूहल वाटतं, क्युबेओ सोंग पाहताना थोडं अवघडल्यासारखं होतं. एक उतरवून दिलेलं होतं. दुसरं राख व्हायचं होतं.

संग्राहकांची परंपरा याहून जुनी. पोर्तुगीज राजवटीने पाठवलेला निसर्गतज्ज्ञ अलेशांद्रे रोद्रिगेश फेरेरा याने 1787 मध्ये जुरुपिशुना नावाच्या लोकांच्या मुखवट्यांवर स्वतंत्र टिपण लिहिलं. ते मुखवटे आज कोइंब्रा आणि लिस्बनमध्ये आहेत. ते करणारा समाज या नावाने आता उरलेला नाही. 1820 च्या सुरुवातीला बव्हेरियाचा प्राणिशास्त्रज्ञ योहान बाप्टिस्ट फोन श्पिक्स तिकुनांच्या मुलखातल्या ताबातिंगाला पोहोचला आणि त्याने तिकुनांचा मुखवट्यांचा सोहळा पाहिला. तिथून नेलेली सोंगं म्युनिकमध्ये आहेत. त्याचा सहप्रवासी मार्टियुस याच्या चित्रसंग्रहात या सोहळ्याचं शिळाछापाचं चित्र आहे: प्राण्यांची डोकी चढवलेली माणसं मिरवणुकीने चालली आहेत. चित्र देखणं आहे, पण जरा जास्तच शिस्तीत आहे. सोंगं जशी काही म्युनिकच्या रस्त्यावरून सणाच्या संचलनाला निघाली आहेत. चित्रकाराने कान काढले, डोकी काढली, पट्टेही काढले. फक्त धावणं काढलं नाही.

त्या मोहिमेतून म्युनिकला केवळ सोंगं, वनस्पती आणि पेंढा भरलेले प्राणी गेले नाहीत. दोन आदिवासी मुलंही नेण्यात आली, एक मुलगा युरी समाजाचा, एक मुलगी मिरान्या समाजाची. बाप्तिस्मा देऊन त्यांना योहानेस आणि इझाबेला अशी नावं दिली गेली. म्युनिकच्या थंडीत आणि आजारात दोघंही काही काळातच गेली. युरींची भाषा तिकुनाच्या जवळची असावी असं भाषातज्ज्ञ मानतात. ज्या जहाजात सोंगं होती त्या जहाजाबद्दल लिहिताना या मुलांना वगळून रसग्रहण करता येईल, अनेकांनी केलंही आहे. मला ते जमत नाही.

विसाव्या शतकात तिकुनांना सर्वांत जवळून पाहिलं ते कुर्ट निमुएन्दाजूने. जन्माने जर्मन, येना शहरातला, मूळ आडनाव उंकेल. निमुएन्दाजू हे नाव त्याला ग्वारानी लोकांनी 1906 मध्ये दिलं आणि त्याने ते आयुष्यभर लावलं. विद्यापीठात कधी न शिकलेला हा माणूस 1945 मध्ये तिकुनांमध्ये असतानाच मेला. त्यांच्यावरचा त्याचा ग्रंथ 1952 मध्ये कॅलिफोर्नियात छापला गेला. त्याने जमवलेली कागदपत्रं आणि पुष्कळ वस्तू रिओ दि जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात होत्या. 2 सप्टेंबर 2018 च्या रात्री ते संग्रहालय जळालं. दोनशे वर्षांच्या त्या इमारतीत जे सालीचं होतं, पिसांचं होतं, कागदाचं होतं ते गेलं. संग्रहालयातला मोठा उल्कापाषाण मात्र शाबूत राहिला.

तिकुनांनी मात्र स्वतःचं संग्रहालय त्याआधीच उभारलं होतं. ब्राझीलच्या सीमेजवळच्या बेंजामिन कोन्स्तान या गावात 1991 मध्ये मागुता संग्रहालय सुरू झालं. ब्राझीलमधलं आदिवासींनी स्वतः चालवलेलं हे पहिलं संग्रहालय म्हणून ओळखलं जातं. तो काळ जमिनीच्या लढ्याचा होता. 28 मार्च 1988 ला कापासेते या ठिकाणी जमलेल्या तिकुनांवर लाकूडव्यापाऱ्याच्या माणसांनी गोळ्या झाडल्या, चौदा जण मेले किंवा नदीत नाहीसे झाले. जमिनी मोजून कायदेशीर हद्दी ठरल्या त्या नंतर, नव्वदच्या दशकात. हे सांगायचं कारण, सोंगांचं संग्रहालय हा तिथे शांत छंद नव्हता. आम्ही इथलेच आहोत याचा तो पुरावा होता आणि म्हणून गावातल्या लाकूडवाल्यांना तो खुपत होता. आपलं सोंग जतन करावं असं तिकुनांना त्या काळी प्रथमच इतक्या निकडीने वाटलं. एरवी मांसाच्या बदल्यात दिलेला राक्षस परत मागायची रीत त्यांच्यात नव्हती.

सण आजही होतात, सोंगंही होतात. त्याबरोबर बाजारही वाढला. कोलंबियातलं लेतिसिया आणि ब्राझीलमधलं ताबातिंगा ही सीमेवरची शहरं एकमेकांना लागून आहेत, प्रवासी येतात, आणि त्यांच्यासाठी सालीच्या चौकोनी तुकड्यांवर पोपट, मासे, नदीकाठची घरं रंगवून विकतात. लहान सोंगंही मिळतात, पिशवीत मावतील अशी. हे काम वाईट म्हणून हिणवणारे पुष्कळ आहेत. मी त्यात नाही, कारण त्यातून घर चालतं आणि झाड ठोकण्याचा हात जिवंत राहतो. पण कौतुक करायचं तर नीट पाहूनच करावं. चौकोनी तुकड्यावर साल कागद बनते. तिच्यावर काहीही काढता येतं, म्हणून सगळंच काढलं जातं, काठापासून काठापर्यंत, पाठ सोडायचा प्रश्नच उरत नाही. त्या ढिगात हाताला एखादं छोटं सोंग लागतं ज्याचे कान अंगाच्या मानाने फारच मोठे झालेत आणि डोळे जेमतेम टोचलेत. विकत घ्यायचंच असेल तर ते घ्यावं, आणि विक्रेत्याने त्याला वर्तमानपत्रात गुंडाळण्याआधी कान दुमडू नकोस असं सांगावं.